कॉमन अ‍ॅपमधला 'वंश' हा चौकोन: भरावा की रिकामा सोडावा?

शतपावली

१ ऑगस्टला कॉमन अ‍ॅप (अनेक अमेरिकी विद्यापीठांना एकच अर्ज पाठवायची सोय) नव्या वर्षासाठी उघडतं आणि त्याच सुमारास अमेरिकेतल्या देशी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर दरवर्षीचा प्रश्न उगवतो: 'एशियन'वर टिक करायची का? २९ जून २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाची वंश विचारात घेणारी प्रवेशपद्धत रद्द केली. तेव्हापासून 'आता आपल्या मुलांना रान मोकळं' इथपासून 'आतून सगळं तेच चाललंय' इथपर्यंत काहीही ऐकू येतं.

मला तीन गोष्टींवर चर्चा हवी आहे. चौकोनाचं काय करायचं, निकालानंतर खरंच काय बदललं, आणि जे उरलंय ते न्याय्य म्हणावं का. माझं मत आधीच सांगतो: वंशाचा रकाना गेला म्हणून पद्धत निष्पक्ष झाली, असं मला वाटत नाही.

एक विनंती. 'आमच्या शेजारच्यांचा मुलगा, एसएटीत १५८० असूनही...' छापाचे किस्से नकोत. नियम, आकडे आणि प्रक्रिया माहीत असणाऱ्यांनी लिहा.

तिरकस

आडनाव देशपांडे. उपक्रम: भरतनाट्यम, स्पेलिंग बी, रोबोटिक्स. आणि वंशाचा चौकोन रिकामा. वा! बहिर्जी नाईकांनी पाठ थोपटली असती.

(दिवे घ्या.)

बे_एके_बे

चौकोनाचं नंतर बघू. आधी हार्वर्डचा कारभार चालायचा कसा ते समजून घ्या, कारण खटल्यामुळे तो पहिल्यांदा उघड्यावर आला.

अर्ज भौगोलिक विभागांप्रमाणे वाटले जातात. त्यांना ते 'डॉकेट' म्हणतात, असे २० आहेत. पहिला वाचक सहा बाबतींत गुण देतो: अभ्यास, उपक्रम, खेळ, शाळेचा पाठिंबा (म्हणजे शिफारसपत्रं), व्यक्तिमत्त्व आणि एकूण. १ म्हणजे उत्तम, ६ म्हणजे वाईट, आपल्या सवयीच्या बरोब्बर उलटं. मग विभागाची उपसमिती शिफारस करते आणि ४० जणांची पूर्ण समिती बहुमताने ठरवते.

खरी गंमत शेवटी आहे. निवडलेले जागांपेक्षा जास्त झाले की 'लॉप' होतं, म्हणजे छाटणी. छाटणीच्या यादीत प्रत्येक नावापुढे चारच गोष्टी असायच्या: पालक हार्वर्डचे का, खेळाडू म्हणून बोलावलेला का, आर्थिक मदतीला पात्र का, आणि वंश कोणता. निबंध नाही, गुण नाहीत. न्यायमूर्ती रॉबर्ट्स यांच्या निकालपत्रात या यादीचं वर्णन अगदी सुरुवातीलाच येतं, ते उगीच नाही.

एशियन मुलांच्या बाजूने खटला भरणाऱ्या संघटनेचा मुख्य आक्षेप 'व्यक्तिमत्त्व' या गुणावर होता. अभ्यासात आणि उपक्रमांत ही मुलं वर, पण इथे खाली. हा गुण देणाऱ्या कार्यालयाने बहुतेक मुलांना पाहिलेलंही नसतं. प्रत्यक्ष मुलाखत घेणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी मात्र त्याच मुलांना गोऱ्या मुलांच्या तोडीचे गुण दिले होते. भेटलेल्या माणसाला मुलगा बरा वाटतो आणि फाइल वाचणाऱ्याला फिका वाटतो, तर फाइलमध्ये काय आहे हा प्रश्न पडणारच.

प्रश्नचिन्ह

एवढं असून जिल्हा न्यायालयात हार्वर्ड जिंकलं कसं?

बे_एके_बे

@प्रश्नचिन्ह, जिंकलं दोनदा. २०१९ मध्ये न्यायाधीश अ‍ॅलिसन बरोज यांच्यापुढे आणि २०२० मध्ये अपील न्यायालयात. हेतुपुरस्सर भेदभाव सिद्ध झाला नाही, असं दोन्हीकडे ठरलं.

मूळ भांडण संख्याशास्त्राचं होतं. वादींचे तज्ज्ञ ड्यूक विद्यापीठाचे पीटर अर्सिडिआकोनो, हार्वर्डच्या बाजूने बर्कली विद्यापीठाचे डेव्हिड कार्ड (त्यांना पुढे २०२१ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं). आकडेवारी दोघांकडे एकच. पण अर्सिडिआकोनो यांनी व्यक्तिमत्त्वाचा गुण गणितातून काढला, कारण तोच मुळात कलुषित आहे असं त्यांचं म्हणणं. शिवाय खेळाडू, वारस (माजी विद्यार्थ्यांची मुलं) वगैरेंचे अर्ज बाजूला ठेवले. कार्ड यांनी दोन्ही आत घेतलं. पहिल्या पद्धतीत एशियन मुलांना तोटा दिसतो, दुसऱ्या पद्धतीत तो जवळजवळ विरघळतो. तराजू खोटा आहे का ते तपासायला त्याच तराजूची वजनं वापरायची का, इतका साधा वाद आहे तो.

हिरवीमिरची

सगळे वंशाच्या रकान्याला चिकटून बसलेत. त्याच लॉप यादीतले पहिले दोन रकाने बघा की!

खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची मुलं, डीनच्या खास यादीतले, प्राध्यापक-कर्मचाऱ्यांची मुलं. खटल्यात या चौघांना मिळून 'एएलडीसी' म्हटलं गेलं. अर्जदारांत हे ५ टक्क्यांहून कमी आणि प्रवेश मिळालेल्यांत सुमारे ३० टक्के. प्रवेश मिळालेल्या गोऱ्या मुलांपैकी ४३ टक्क्यांहून जास्त या गटातले. काळी, हिस्पॅनिक आणि एशियन मुलं घेतली तर प्रत्येकी १६ टक्क्यांहून कमी. हे आकडे वादींच्याच तज्ज्ञाचे आहेत बरं.

डीनची यादी म्हणजे मुख्यतः देणगीदार. आपल्याकडचा मॅनेजमेंट कोटा, फक्त इथे इमारतीवर नावही लागतं.

जुलै २०२३ मध्ये राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन यांचा अभ्यास आला. आठ आयव्ही (हार्वर्ड, येल वगैरे नामांकित खाजगी विद्यापीठं) आणि त्यांच्या बरोबरीची चार विद्यापीठं त्यांनी घेतली. एसएटी-एसीटी या प्रवेशचाचण्यांचे गुण सारखे असूनही सर्वात श्रीमंत १ टक्का घरांतल्या मुलांची तिथे पोचण्याची शक्यता मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून जास्त निघाली. कारणं तीन: वारसा, खेळाडूंची भरती आणि अभ्यासेतर गुणांकन. सर्वोच्च न्यायालयाने या तिन्हींपैकी एकालाही हात लावलेला नाही.

कोकणकडा

@हिरवीमिरची, लेगसी (माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना झुकतं माप) वाईट आहे हे मान्य. पण एका अन्यायाचं उत्तर म्हणून दुसरा चालवून घ्यायचा का? निकालपत्रातलीच नोंद आहे: अभ्यासाच्या क्रमवारीत अर्जदारांचे दहा भाग केले, तर खालून चौथ्या भागातल्या काळ्या विद्यार्थ्याला प्रवेशाची शक्यता १२.८ टक्के आणि सर्वात वरच्या भागातल्या एशियन विद्यार्थ्याला १२.७ टक्के. याला 'हलकासा हातभार' कसं म्हणणार?

आणि हे अर्ज करण्याआधीच सुरू होत होतं. पीएसएटीच्या (एसएटीआधीच्या सराव चाचणीच्या) गुणांवरून हार्वर्ड मुलांना 'अर्ज करा' अशी पत्रं पाठवायचं. विरळ वस्तीच्या राज्यांत गोऱ्या मुलांना १३१० ला पत्र, एशियन मुलींना १३५०, एशियन मुलग्यांना १३८०, काळ्या आणि हिस्पॅनिक मुलांना ११०० ला.

हिरवीमिरची

ते दहा भाग फक्त शाळेतले गुण आणि चाचणीचे गुण यांवर पाडलेत. आणि अशा ठिकाणी त्या दोन गोष्टींवरून निवड होऊच शकत नाही. २०१९ च्या वर्गासाठी (२०१९ मध्ये पदवी घेणाऱ्या) अमेरिकेतून सुमारे २६,००० अर्ज होते. त्यांत ८,००० हून जास्त मुलांचा जीपीए (शाळेतल्या गुणांची सरासरी) पैकीच्या पैकी, सुमारे ३,५०० जणांना एसएटी गणितात ८००, सुमारे २,७०० जणांना भाषेत ८००. वर्गात जागा साधारण १,६००. गुणवत्ता यादी लावायची तर पहिल्या क्रमांकावर हजारभर मुलं बसतील.

आजोळ

दोघंही आपापल्या जागी बरोबर आहात, थोडा इतिहास घालते.

१९७८ चा बाकी (हे वादीचं आडनाव) खटला: डेव्हिसच्या वैद्यकीय महाविद्यालयात १०० पैकी १६ जागा राखीव होत्या, त्या न्यायालयाने रद्द केल्या. म्हणजे सरळ कोटा अमेरिकेत तेव्हापासूनच नाही. वंश हा अनेक घटकांपैकी एक म्हणून चालेल, एवढीच फट न्या. पॉवेल यांनी ठेवली. २००३ मध्ये मिशिगन विद्यापीठाचे दोन निकाल एकाच दिवशी लागले. पदवीच्या प्रवेशाला १५० गुणांचं कोष्टक होतं, त्यात अल्पसंख्य विद्यार्थ्याला थेट २० गुण. तुलनेला सांगते, एसएटीत पैकीच्या पैकी मिळवणाऱ्याला १२. ते कोष्टक गेलं. विधी महाविद्यालयाची 'एकूण माणूस बघतो' ही मोघम पद्धत मात्र ५-४ ने टिकली, आणि २५ वर्षांनी याची गरज पडणार नाही अशी आशा न्या. ओ'कॉनर यांनी लिहिली.

लक्षात घ्या काय झालं ते. जे कागदावर स्पष्ट लिहिलं होतं ते बेकायदा ठरलं, आणि जे धूसर होतं ते कायदेशीर. विद्यापीठांनी बोध घेतला.

ही धूसर पद्धत तरी आली कुठून? १९२० च्या दशकात हार्वर्डमध्ये ज्यू विद्यार्थी पाचातला एक या प्रमाणाच्या वर गेले. अध्यक्ष लॉवेल यांना १५ टक्क्यांची मर्यादा हवी होती. उघड मर्यादेला विरोध झाला, म्हणून मग 'चारित्र्य', छायाचित्र, भौगोलिक समतोल हे निकष आले. 'व्यक्तिमत्त्व' या रकान्याचं कूळ हे असं आहे.

गोट्या_९

म्हणून सांगतो, आपली सीईटीच बरी. पर्सेंटाइल, कॅप राउंड, कट-ऑफ. विषय संपला.

कोकणकडा

+१

आजोळ

@गोट्या_९, संपला कुठे, भांडणाची जागा बदलली फक्त. आपल्याकडे आरक्षण घटनेतच आहे. १९५१ मध्ये चंपकम दोराईराजन खटल्यात मद्रासचा जातवार जागावाटपाचा आदेश रद्द झाला आणि लगेच पहिल्या घटनादुरुस्तीने १५(४) आलं. प्रवर्ग, टक्के, क्रीमी लेयर, प्रत्येक फेरीचा कट-ऑफ, सगळं छापील. त्यामुळे भांडण 'आम्हाला प्रवर्गात घ्या' असं होतं. अमेरिकेत प्रवर्ग असा नाहीच, म्हणून भांडण 'तुम्ही आत काय करता ते दाखवा' असं होतं. आपल्याकडे नाकारलेल्या मुलाला निदान किती गुण कमी पडले ते कळतं. तिकडे 'यंदा अर्ज फारच दर्जेदार होते' अशी गोड ईमेल.

तिरकस

थांबा थांबा, मराठा आरक्षणाचा धागा वेगळा आहे. तिथे १,२०० प्रतिसाद झालेत, इथे नको.

पाटवडी

धागाकर्त्याच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळते. निकालानंतरचा पहिला वर्ग म्हणजे २०२४ च्या शरदात आलेला, त्याला '२०२८ चा वर्ग' म्हणतात (पदवीचं वर्ष).

एमआयटी: काळे विद्यार्थी आधीच्या चार वर्षांच्या सरासरी १३ टक्क्यांवरून ५ वर, एशियन ४१ वरून ४७.
अ‍ॅमहर्स्ट: काळे ११ वरून ३.
हार्वर्ड: काळे १८ वरून १४, हिस्पॅनिक १४ वरून १६, एशियन ३७ होते ते ३७च. पुढच्या वर्षी काळे ११.५, हिस्पॅनिक ११, एशियन ४१.
येल: काळे १४, बदल नाही. एशियन ३० वरून २४.
प्रिन्स्टन: एशियन २६ वरून २३.८.

म्हणजे 'रान मोकळं' वाल्यांना येल आणि प्रिन्स्टनचं उत्तर द्यावं लागेल, आणि 'काही बदललं नाही' वाल्यांना एमआयटी आणि अ‍ॅमहर्स्टचं.

पण हे आकडे वाचताना लोक तीन ठिकाणी पाय घसरून पडतात. पहिलं, वंश न सांगणारे वाढले: प्रिन्स्टनमध्ये १.८ वरून ७.७ टक्के, हार्वर्डमध्ये ४ वरून ८. त्यात एशियन किती, कोणास ठाऊक. एशियन टक्का दोनाने घसरला आणि 'माहीत नाही' सहाने वाढला, तर घसरण खरी की कागदी? दुसरं, छेद. काही विद्यापीठं न सांगणाऱ्यांना छेदातून वगळतात, काही ठेवतात. तिसरं, एमआयटीसारख्या ठिकाणी दोन वंश सांगणारा दोन्हीकडे मोजला जातो, त्यामुळे बेरीज १०० च्या वर जाते.

स्वतः तपासायचं असेल तर विद्यापीठाचं नाव आणि 'कॉमन डेटा सेट' असं शोधा. बी२ तक्त्यात वंशवार विद्यार्थी, सी७ मध्ये कोणत्या घटकाला किती महत्त्व, सी२१ मध्ये अर्ली डिसिजनचे (लवकर केलेले, बांधील) अर्ज आणि प्रवेश, एच६ मध्ये परदेशी विद्यार्थ्यांना मिळणारी मदत. सी७ मध्ये 'अ‍ॅल्युम्नाय रिलेशन'पुढे (माजी विद्यार्थ्याशी नातं) खूण कुठे आहे ते जरूर बघा. माहितीपत्रकापेक्षा ही एक ओळ जास्त बोलकी असते.

कोकणकडा

एकदम कामाचा प्रतिसाद. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने आदेश काढून अर्जदार, प्रवेश मिळालेले आणि दाखल झालेले अशा तिन्ही पातळ्यांवर वंशवार गुणांची माहिती विद्यापीठांकडून मागवली आहे. ती नीट हाती आली तर निम्मे वाद मिटतील.

हिरवीमिरची

किंवा दुप्पट होतील. त्याच माहितीवर दोन तज्ज्ञ दोन उत्तरं काढतात हे वर बे_एके_बे यांनी दाखवलंच आहे.

सदाफुली

इथे सगळे आयव्हीतच अडकलेत. बहुसंख्य मराठी मुलं सरकारी विद्यापीठांत जातात, आणि तिथलं चित्र २०२३ च्या कितीतरी आधी बदललंय.

कॅलिफोर्निया: १९९६ च्या प्रॉपोझिशन २०९ ने तिथे सरकारी विद्यापीठांत वंश बघायला बंदी आली. २०२० मध्ये ती उठवायचा प्रयत्न झाला, मतदारांनी सुमारे ५७ विरुद्ध ४३ ने फेटाळला. बंदीचा परिणाम किती? २००६ मध्ये यूसीएलएत (कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत) जवळजवळ ५,००० च्या वर्गात काळे विद्यार्थी ९६ होते, त्यातले काही खेळाडू. वंश न बघता विविधता आणण्याच्या उपक्रमांवर २००४ पासून ५० कोटी डॉलरहून जास्त खर्च झाला, असं यूसीने (कॅलिफोर्निया विद्यापीठाने) सर्वोच्च न्यायालयाला कळवलं होतं.

यूसीचा अर्ज कॉमन अ‍ॅपवर नसतो, वेगळा असतो. एसएटी-एसीटी अजिबात बघत नाहीत, पाठवलंत तरी. आठ प्रश्नांपैकी चारांची उत्तरं, प्रत्येकी ३५० शब्द. शिफारसपत्रं सहसा मागत नाहीत. जीपीए दहावी-अकरावीच्या ठरावीक विषयांचा, आणि एपी-ऑनर्सचे (वरच्या पातळीच्या विषयांचे) जादा गुण जास्तीत जास्त आठ सत्रांपुरते, त्यातली दहावीची चारच. चौदा एपी करणाऱ्याचा जीपीए तिथे वर जात नाही. विषयांची काठिण्यपातळी म्हणून ते वेगळं बघितलं जातं.

टेक्सस: १९९६ च्या हॉपवुड निकालाने तिथे वंश बघणं थांबलं, म्हणून १९९७ मध्ये 'वरचे १० टक्के' कायदा आला. राज्यातल्या कुठल्याही शाळेत वरच्या १० टक्क्यांत असाल तर सरकारी विद्यापीठात आपोआप प्रवेश. ऑस्टिनच्या टेक्सस विद्यापीठाला एवढी झुंबड उडाली की राज्यातल्या मुलांच्या ७५ टक्के जागांपुरती मर्यादा घातली गेली. त्यामुळे तिथला उंबरठा वर्षानुवर्षं ६ टक्के होता आणि २०२६ च्या प्रवेशांपासून ५ टक्के झाला.

हा कायदा चालतो तो शाळा वंशानुसार आणि पैशानुसार विभागलेल्या आहेत म्हणून. प्रत्येक शाळेतून सारखे टक्के घेतले की विद्यापीठात मिश्रण आपोआप होतं. त्याची दुसरी बाजू डॅलसजवळच्या फ्रिस्को-प्लेनोसारख्या सधन उपनगरांच्या शाळांत दिसते: ४.० जीपीए असून मूल वरच्या ५ टक्क्यांत नसतं. आणि लोक हमखास फसतात ते इथे: आपोआप प्रवेश विद्यापीठात मिळतो, शाखेत नाही. कॉम्प्युटर सायन्स, इंजिनिअरिंग किंवा बिझनेसची निवड वेगळी होते. 'ऑटो अ‍ॅडमिट आहे' म्हणून निबंध निष्काळजीपणे लिहिला की पहिल्या पसंतीची शाखा हुकते.

निवांत

व्हर्जिनियाच्या थॉमस जेफरसन शाळेचं उदाहरण कोणी दिलं नाही अजून? ती हायस्कूल आहे, पण पुढे काय होऊ शकतं ते तिथे दिसतं.

डिसेंबर २०२० मध्ये प्रवेशपरीक्षा आणि १०० डॉलर शुल्क रद्द केलं. त्याऐवजी प्रत्येक सरकारी मिडल स्कूलच्या आठवीतल्या १.५ टक्के मुलांना जागा. बाकीच्या जागांसाठी गरिबी, घरी इंग्रजी नसणं वगैरे 'अनुभव घटक'. एशियन मुलं ७३ टक्क्यांवरून ५४ वर आली. त्याच वेळी कमी उत्पन्नाच्या घरातली मुलं वाढली, आणि त्यांत एशियन मुलंही होती. पालक कोर्टात गेले. अपील न्यायालयाने मे २०२३ मध्ये नवी पद्धत वैध ठरवली आणि सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रकरण ऐकायलाच नकार दिला.

अर्थ असा की वंश न बघता, पण वंशवार परिणाम होईल हे माहीत असताना आखलेले नियम तूर्त चालू आहेत. पुढची लढाई याच मैदानावर.

प्रश्नचिन्ह

पुण्याहून किंवा पणजीहून थेट अर्ज करणाऱ्यांना यातलं काय लागू?

पाटवडी

@प्रश्नचिन्ह, वंशाचं जवळजवळ काहीच नाही. सरकारी आकडेवारीत नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक नसलेला विद्यार्थी 'नॉनरेसिडेंट' या वेगळ्या ओळीत जातो, तिथे वंश मोजतच नाहीत. हार्वर्डच्या ४१ टक्के एशियनमध्ये पुण्याची मुलगी नाही.

तिथे अडतं ते पैशावर. बहुतेक विद्यापीठं परदेशी मुलांच्या बाबतीत 'नीड-अवेअर' असतात, म्हणजे मदत मागितली की प्रवेशाची शक्यता घटते. परदेशी मुलांनाही मदतीची गरज न बघता घेणारी मोजकीच: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, डार्टमथ, ब्राउन, अ‍ॅमहर्स्ट, बोडन आणि अजून एखाद-दोन.

सगळ्यात विचित्र कोंडी एच-४ (एच-१बी नोकरदारांच्या कुटुंबाचा व्हिसा) वरच्या मुलांची. बालवाडीपासून न्यू जर्सीत शिकलेलं मूल असलं तरी खाजगी विद्यापीठात बहुधा 'आंतरराष्ट्रीय' ढिगात. केंद्र सरकारची मदत नाही, त्यामुळे एफएएफएसए (त्या मदतीचा अर्ज) भरून उपयोग नाही. काही विद्यापीठं सीएसएस प्रोफाइल या आर्थिक माहितीच्या अर्जावरून स्वतःची मदत देतात. सरकारी विद्यापीठात राज्यातल्यांची फी लागू होते का ते राज्यागणिक वेगळं, त्यामुळे निवासाचे पुरावे (भाडेकरार, कर विवरणपत्रं, शाळेचे दाखले) आधीच गोळा करून ठेवा. २१ पूर्ण झाली की एच-४ संपतो, तोवर एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वर जावं लागतं. हा बदल तिसऱ्या वर्षी आठवला तर धावपळ होते.

शतपावली

सगळ्यांचे आभार, इतकं खोलात जाईल असं वाटलं नव्हतं. आता निबंधाबद्दल कोणी सांगेल का? 'वंश निबंधात लिहिता येतो' असं म्हणतात, ते नक्की काय आहे?

हिरवीमिरची

रॉबर्ट्स यांनीच ती वाट ठेवली आहे: वंशामुळे आयुष्यावर काय परिणाम झाला ते अर्जदार लिहू शकतो, आणि त्यातून दिसणारं धैर्य, जिद्द किंवा कुवत विद्यापीठ मोजू शकतं. पण श्रेय त्या एका मुलाच्या गुणाचं, वंशाचं नव्हे. निबंधाच्या आडून जुनी पद्धत चालवायची नाही, असंही लगेच पुढे बजावलंय. म्हणून अनेक विद्यापीठांच्या पुरवणी प्रश्नांत आता 'तुमच्या जडणघडणीतल्या कोणत्या अनुभवाने तुम्ही इथे काय भर घालाल' असा काहीसा प्रश्न दिसतो.

'दोन संस्कृतींच्या मध्ये वाढताना' हे वाक्य वाचून वाचकाची मान हलतही नाही. तेच 'आजीच्या डायलिसिसच्या वेळी नर्सचं बोलणं मराठीत सांगताना फ्लुइड रिस्ट्रिक्शनला शब्द सापडेना, शेवटी स्टीलच्या पेल्यावर मार्करने रेघ मारून दिली' असं असेल, तर त्यात भाषा, घर, कुवत सगळं आलं आणि वंश हा शब्दही नाही.

उपक्रमांचंही तसंच. दहा उपक्रम, पदाला ५० अक्षरं, संस्थेच्या नावाला १००, वर्णनाला १५०. जागा जपून वापरायची. मराठी शाळेचं उदाहरण घ्या (अर्जात इंग्रजीत लिहायचं हे सांगायला नकोच):

वाया घालवलेली ओळ: 'लहान मुलांना भाषा व संस्कृती शिकवली, नेतृत्वगुण विकसित झाले.'
कामाची ओळ: '६-७ वर्षांची ११ मुलं. जोडाक्षरांसाठी पत्त्यांचा खेळ केला, तो आता तीन वर्गांत वापरतात.'

आठवड्याचे तास आणि वर्षाचे आठवडे वेगळ्या रकान्यात जातात, ते वर्णनात परत लिहू नका. दहा उपक्रमांची बेरीज आठवड्याला ७० तास निघाली तर शाळा कधी करतो हा, असा प्रश्न वाचकाला पडतो.

तिरकस

पत्त्यांचा खेळ जोडाक्षरांचा होता हे नीट लिहा, नाहीतर रमी समजतील.

बे_एके_बे

कोकणकडा आणि हिरवीमिरची यांच्या वादावर माझे दोन पैसे. लॉप यादीतल्या चार रकान्यांपैकी न्यायालयाने एक पुसला. वारसाचा रकाना आता राज्यं पुसताहेत: कोलोरॅडो, व्हर्जिनिया आणि इलिनॉयने सरकारी विद्यापीठांत, मेरीलँड आणि कॅलिफोर्नियाने खाजगीतही. कॅलिफोर्नियाचा कायदा १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. स्टॅनफर्डने त्यावर लेगसी चालू ठेवायची म्हणून राज्याच्या कॅल ग्रांट या विद्यार्थी-मदतीवर पाणी सोडायचं ठरवलं. एमआयटी आणि कॅलटेक लेगसी बघत नाहीत, जॉन्स हॉपकिन्स आणि अ‍ॅमहर्स्टने बंद केली. खेळाडूंच्या रकान्याला मात्र कोणीच बोट लावत नाही. तलवारबाजी, रोइंग, स्क्वॉश हे खेळ किती सरकारी शाळांत असतात?

आजोळ

आता मूळ प्रश्नाचं उत्तर, नाहीतर शतपावली बिचारे फेऱ्याच मारत राहतील.

चौकोन ऐच्छिक आहे. ऑगस्ट २०२३ पासून कॉमन अ‍ॅपने विद्यापीठांना तो आपल्या वाचकांपासून लपवायची सोय दिली आहे. तुम्ही भरलेली माहिती साठते, पण निर्णय घेणाऱ्यासमोर येणार नाही अशी व्यवस्था विद्यापीठ करू शकतं, आणि निकालानंतर न करणं म्हणजे खटल्याला आमंत्रण. त्यामुळे 'एशियन' लिहिल्याने तोटा हे गणित आता उरलेलं नाही आणि रिकामं सोडल्याने फायदाही नाही. नाव, पालकांचं शिक्षण, घरची भाषा, उपक्रम हे सगळं वाचकासमोर असतंच. वर तिरकस बोलले ते विनोद म्हणून नाही, वस्तुस्थिती म्हणून वाचा.

भरण्याच्या बाजूने एक कारण: पाटवडीने दाखवलेला तो फुगणारा 'माहीत नाही' गट. सगळ्यांनी रिकामं सोडलं तर भेदभाव होतोय की नाही हे पुढे कोणालाच सिद्ध करता येणार नाही. चुकीचं मात्र काही भरू नका. अर्जाच्या शेवटी माहिती खरी असल्याची सही असते आणि खोटं निघालं तर प्रवेश नंतरही रद्द होऊ शकतो.

अवांतर: हा चौकोन आपल्यासाठी कायम हलता राहिला आहे. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांना 'गोरे नाही' म्हणून नागरिकत्व नाकारलं. १९७० च्या जनगणनेत भारतीय गोऱ्यांत मोजले गेले. १९८० मध्ये 'एशियन इंडियन' असा रकाना आला, तोही इथल्या भारतीयांच्या संघटनेने मागणी लावून धरली म्हणून.

गोट्या_९

म्हणजे तेव्हाही 'आम्हाला प्रवर्गात घ्या'च!

आजोळ

@गोट्या_९, हो. घ्या, लिंक लागली.

शतपावली

टिक करायची, ठरलं. एकच शंका राहिली. शाळेतल्या कौन्सेलरच्या (समुपदेशकाच्या) फॉर्ममध्ये 'विषयांची काठिण्यपातळी' म्हणून काहीतरी असतं ना?

सदाफुली

असतं. पाच पर्याय असतात, सर्वात वरचा 'मोस्ट डिमांडिंग'. तुमच्या शाळेत जे उपलब्ध आहे त्याच्या तुलनेत कौन्सेलर खूण करतो. निवडक विद्यापीठांना वरची खूण हवी असते. मोठ्या सरकारी शाळेत एका कौन्सेलरकडे तीन-चारशे मुलं असतात, फॉर्म ऑक्टोबरात घाईघाईत भरले जातात. ही खूण कशी ठरते, किती एपीला, विज्ञान-भाषा दोन्ही लागतात का, हे अकरावीच्या वसंतातच विचारावं, कारण बारावीचे विषय तेव्हा निवडले जातात. ऑगस्टमध्ये कळलं तर शाळा सुरू होण्याच्या पहिल्या आठवड्यात विषय बदलता येतो का ते बघा. एपी कॅल्क्युलसचे वर्ग तोवर भरलेले असतात, एपी स्टॅटमध्ये जागा मिळते.

तिरकस

आणि वेटलिस्टवर असाल तर कॅप राउंड नाही, हे गोट्याला सांगा.